तिला बुडवलंस कशाला?

बुलेम्बा
४ मार्च २००७

चि. जस्टिन हिस तुझ्या सेंगाचे आशीर्वाद. आज ते द्यायची इच्छा नाही, पण मी तुझ्या बापाची बहीण, तुझी आत्या. तेव्हा दिले असं समज.

फोनवर बोलायला लागले की पैसे संपतात आणि माझा राग अर्धाच राहतो, म्हणून पत्र लिहिते आहे. टॅक्सीवाला मुसोके कंपालाच्या स्टँडवर ते तुझ्या हातात देईल. सगळं वाच, मधलं गाळू नकोस.

काल तुझा सिनेमा बुलेम्बात लागला. तुझ्या काकाच्या व्हिन्सेंटने कुठून तरी त्याची तबकडी मिळवली आणि बाजारभर भोंगा फिरवला की आपल्या जस्टिनचा सिनेमा, आपल्याच गावात काढलेला, आपलीच रेस्टी हिरॉइन. मी खुळी. नवी गोमेसी नेसून, चर्चच्या महिला मंडळाला घेऊन पहिल्या बाकावर जाऊन बसले. कंपालाच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, परदेशात तुला काचेचा पक्षी बक्षीस मिळाला, हे मी सहा महिने सगळ्यांना ऐकवत होते ना! तू सांगितलं होतंस, शाळेच्या गायनवृंदाची गोष्ट आहे म्हणून. मला वाटलं, पोरं गातील, कप जिंकतील, आम्ही डोळे पुसून घरी येऊ.

आणि निघालं काय? शाळेतली एक पोर, तिला नासवणारा गाण्याचा मास्तर, पोरींना रांगेत उभं करून, कुणाला दिवस गेलेत का ते बघायला पोटं दाबणारी नर्स, तिला हाकलणारा हेडमास्तर, तोंडं शिवलेल्या मैत्रिणी. शेवटी ती पोर लव्हाळ्यातून चालत पाणथळीत जाते ती परत येत नाही, आणि इकडे मैत्रिणी गातात आणि कप जिंकतात. संपला सिनेमा.

लोक काय करत होते सांगू? हसत होते. तुझी पोरं पडद्यावर इंग्रजी बोलतात. बुलेम्बाची पोरं, बुलेम्बाच्या विहिरीवर, इंग्रजीत! अर्ध्या हॉलला ओ का ठो कळेना. मग आपला व्हिन्सेंट, हॉलचा व्हीजे, कोपऱ्यात माइक घेऊन बसलेलाच आहे. चिनी मारामारी असो की हिंदी सिनेमातली सासू असो, तो सगळ्यांना लुगांडात बोलायला लावतो. ती पोर वही घेऊन मास्तरच्या खोलीत शिरली, आणि हा म्हणाला की बघा मंडळी, शेळी स्वतःच खाटकाला सुरी नेऊन देतेय. हॉल कोसळला हसून. पुरुष बाकं बडवायला लागले. कुणीतरी शेळीसारखं ओरडलं. रेस्टी तिथेच बसली होती, जस्टिन. आपल्या आईजवळ.

शेवटी पोर पाणथळीत गेली तेव्हा मात्र हसू थांबलं आणि लोक तापले. मास्तरवर नाही, तुझ्यावर. धर्मशिक्षक म्हणाले, या मुलीने आपल्या गावाची घाण उचलून गोऱ्यांच्या ताटात वाढली. मंडळाच्या ओडिलियाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या की ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही त्यांच्या घरात असलीच भाची निपजायची. ते मला लागलं, कारण ते खरं होतं. ही गोष्ट मी तुला माझ्या चुलीपाशी, मटोक्याची केळी सोलता सोलता सांगितली होती. नाव न घेता सांगितली, म्हणून वाटलं की सुरक्षित आहे. लग्नाआधी मुली माझ्याकडे येतात, मनातलं बोलतात, चार गोष्टी शिकून जातात. सेंगाच्या पोटाला भोक आहे असं एकदा पसरलं की कोण येणार?

रेस्टीची आई, शिंपीण फिना, सिनेमा अर्धा असतानाच उठून गेली. आज तिचं दुकान बंद आहे. ती का उठली ते मी पत्रात लिहिणार नाही.

लोभ तुटणारा नाही, पण सध्या त्याला हात लावू नकोस.

सेंगा पर्पेटुआ


कंपाला
९ मार्च २००७

ती. सेंगा यांस, जस्टिनचा गुडघे टेकून नमस्कार. गु. टे. न. वि. वि.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. आता माझाही राग वाच.

इथे थिएटरात शेवटच्या दृश्याला एवढी शांतता होती की मागच्या बाईचा हुंदका मला ऐकू येत होता. सिनेमा संपल्यावर एक म्हातारे डॉक्टर माझा हात धरून नुसते उभे राहिले. आणि बुलेम्बाला हसू आलं! दर सत्रात नर्स येते, पोरींना रांगेत उभं करते, झगे वर करायला लावते, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या मुली त्या रांगेत उभ्या राहिल्यात. त्यावर आजवर एकाही धर्मशिक्षकाने तोंड उघडलं नाही. मी दाखवलं तर मी गावाची घाण वाढली? घाण केली कुणी, ते विचारा की एकदा.

इंग्रजीचं म्हणशील तर ज्यांनी पैसे दिले त्यांना इंग्रजीच हवी होती. मी भांडले. हरले. नाहीतर सिनेमाच झाला नसता.

व्हिन्सेंटला मी वेगळं पत्र लिहिलं आहे. ते त्याने जपून ठेवू नये अशी माझी इच्छा आहे, कारण त्यातले काही शब्द मी तुझ्यासमोर कधी उच्चारलेले नाहीत.

शेवट माझाच आहे. तू सांगितलेल्या गोष्टीत त्या मुलीला शाळेच्या फाटकाबाहेर काढलं, इथवरच होतं. पुढे तिचं काय झालं असं मी तुला विचारलं, तर तू उठून चूल फुंकायला लागलीस. मग मी तिला पाणथळीत पाठवलं. लोक तिथेच रडतात, सेंगा. ती वाचली असती तर इतकं रडले नसते.

आणि फिनाबाईंचं मला खरंच कळत नाही. त्यांनी परवानगीच्या कागदावर सही केली आहे. रेस्टीला कामाचा मोबदला मिळाला, नाव मिळालं. शाळेचे गणवेशसुद्धा मी त्यांच्याकडूनच शिवून घेतले. दुकान बंद करण्याइतकं काय झालं? त्यांना सांग की सिनेमा म्हणजे सिनेमा. एवढं मनाला लावून घेऊ नये.

तू म्हणतेस म्हणून लोभाला हात लावत नाही. लांबून बघते आहे.

तुझी जस्टिन


बुलेम्बा
१२ मार्च २००७

ती. जस्टिनताईस व्हीजे विन्नीचा कडकडीत सलाम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. इतक्या शिव्या तुला येतात हे कळून आनंद झाला. कंपालाने तुला अगदीच बिघडवलेलं नाही.

पण ताई, माझंही ऐक. तुझ्या सिनेमात कुणी बोलतच नाही. एक बाई विहिरीवर येते, पाणी भरते, निघून जाते. एक गाय येते आणि रवंथ करते. आम्ही सगळ्यांनी तिचा रवंथ पुरा होईपर्यंत बघायचं? माझी माणसं दिवसभर ट्रकमध्ये मटोक्याचे घड चढवून येतात. मी मीठ घातलं नाही तर ती तिकिटाचे पैसे परत मागतात, आणि ते देऊन झाले की जनरेटरच्या डिझेलसाठी मला तुझ्याच दारात यावं लागेल.

ती मास्तरच्या खोलीची गोष्ट. पडद्यावर दार लागतं, आणि तू आम्हाला काय दाखवतेस? भिंतीवरचं कॅलेंडर, आणि त्यावर बसलेली एक माशी. कितीतरी वेळ माशीच. सगळा हॉल माझ्याकडे वळून बघतो, की विन्नी, आत काय चाललंय ते सांग. काय सांगणार? मला खरं सांगता आलं नसतं. बायका बसल्या होत्या, लहान पोरं होती. म्हणून शेळीचं बोललो. लोक हसले, मी सुटलो.

आता रेस्टी रस्त्याने निघाली की स्टँडवरची बोडाबोडावाली, मोटारसायकलवर भाडी मारणारी पोरं ‘मेऽऽ’ करतात, हे खरं आहे. मी त्यांना सांगितलं की पुरे करा. पोरं म्हणाली, तूच शिकवलंस ना! आणि एक गोष्ट कानावर आली ती सांगतो. हेडमास्तर कासुले यांनी शाळेच्या प्रार्थनेत सगळ्यांपुढे जाहीर केलं की जी मुलगी पडद्यावर असले चाळे करते तिची आधी नर्सकडून तपासणी होईल, मगच तिला वर्गात बसता येईल. रेस्टी घरी बसली आहे.

सेंगाही माझ्याशी बोलत नाही. परवा तिने मला वाढलं, पण ताट जमिनीवर असं ठेवलं की शेंगदाण्याचं कालवण माझ्या पँटवर उडालं.

शेवटचं दृश्य, पोर लव्हाळ्यात शिरते ते. तिथे मी माइक बंद केला होता. ते तुला कुणी लिहिलं नसेल, म्हणून मी लिहितो. या सिनेमाचा दुसरा भाग येणार आहे का, असं काही लोक विचारतात. काय सांगू?

तुझ्या मायेचा थोडा तुकडा या भावासाठीही बाजूला काढून ठेव.

व्हिन्सेंट (व्हीजे विन्नी)


बुलेम्बा
१५ मार्च २००७

जस्टिन,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, देता आले तर.

तू लिहिलंस की फिनाला सांग, सिनेमा म्हणजे सिनेमा. तुझ्या पत्रातली ती ओळ वाचून मी बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले. घरात उभी राहिले असते तर काहीतरी फुटलं असतं.

आता लिहावंच लागतं. ती मुलगी बुडाली नाही, जस्टिन. ती चर्चच्या मागे शिवणयंत्र चालवते. तिला एक मुलगी आहे, आणि त्या मुलीला तू पाण्यात उतरवलंस. कळलं? तुझ्या सिनेमातली पोर म्हणजे फिना, आणि तिच्या पोटात होती ती रेस्टी. बुडताना अंगावर जो गणवेश होता, तो फिनाने स्वतःच्या हाताने शिवला. तू तिला काय सांगितलं होतंस? गायनवृंदाची गोष्ट आहे. तिने त्यावर सही केली.

तुला ठाऊक नव्हतं, हे मला ठाऊक आहे. मी नाव सांगितलं नव्हतं. पण फिनाला ते कसं पटावं? ती परवा माझ्याकडे आली. बसली नाही. दारातूनच म्हणाली की सेंगा, मी सोळा वर्षांची असताना तुमच्या मांडीवर डोकं ठेवून जे बोलले ते तुम्ही भाचीला विकलंत, आणि तिने मला मारूनही टाकलं. मी जिवंत राहिले ते कुणाला पुरलं नाही का? मग म्हणाली की माझी पोर विचारते आहे, सिनेमातला मास्तर माझा कोण?

रेस्टीला तिने सांगितलं होतं की बाप तिच्या जन्माआधीच मलेरियाने गेला. आता हॉलमध्ये म्हाताऱ्या कुजबुजल्या, पोरीने दोन आणि दोन चार केले. ती आईशी बोलत नाही. जेवत नाही म्हटलं तरी चालेल. बाहेर पडली की ते ‘मेऽऽ’. काल तिने एका बोडावाल्याच्या तोंडावर शेणाचा गोळा मारला, त्याचं मला समाधान वाटलं, पण समाधानाने पोर शाळेत जात नाही.

आणि शाळा? कासुले. त्यानेच तेव्हा फिनाला हाकललं होतं. गाण्याच्या मास्तरला, त्या क्याम्बाद्देला, त्यानेच कोंबडी कापून निरोपाचं जेवण दिलं आणि पूर्वेकडच्या दुसऱ्या शाळेत पाठवून दिलं. आता त्याच फिनाच्या पोरीचं पोट दाबायला तोच नर्स बोलावतोय. आणि मी दर रविवारी त्याच्या शेजारी गुडघे टेकते आणि त्याला शांती असो म्हणते!

ज्या तीन घरच्या मुली इस्टरनंतर माझ्याकडे यायच्या होत्या, त्यांच्या आयांनी निरोप पाठवला की आमची सोय झाली. बरोबर आहे त्यांचं.

तू म्हणतेस, ती वाचली असती तर लोक इतकं रडले नसते. त्यांच्या रडण्याची एवढी हौस होती तर मला बुडवायचं होतंस. मी म्हातारी आहे, मला चाललं असतं. तिला बुडवलंस कशाला?

आशीर्वाद काही जमले नाहीत.

पर्पेटुआ


कंपाला
१९ मार्च २००७

ती. सेंगा यांस गु. टे. न. वि. वि.

काय लिहू? चार पत्रं फाडली. रेस्टीला निवडलं तेव्हा मला वाटलं होतं की या पोरीच्या चेहऱ्यात काहीतरी आहे, ते कुठून आलं कोण जाणे. ते कुठून आलं ते आता कळलं. मला आरशात बघवत नाही.

पण मला बसून रडायचं नाही, आणि तू मला रडू देणारही नाहीस. मी येऊ का? रेस्टीला कंपालाला घेऊन येते, इथल्या शाळेत घालते. नाहीतर कासुलेच्या कचेरीत जाऊन बसते, पेपरवाल्यांना घेऊन.

तोवर एवढं केलं आहे. सगळे संवाद लुगांडात उतरवून पाठवते आहे. बुलेम्बाची लुगांडा, कंपालाची नव्हे. व्हिन्सेंटला सांग, पुन्हा दाखवायचा तर हे जसंच्या तसं वाचायचं. नसेल जमत तर तबकडी तोडून टाक, माझी हरकत नाही.

फिनाबाईंना काय म्हणावं ते मला सुचत नाही. तू काही म्हणू नकोस. माझ्या वतीनेही नको.

मायेबद्दल मागणं नाही. पत्राला उत्तर मात्र दे.

जस्टिन


बुलेम्बा
५ एप्रिल २००७

चि. जस्टिन हिस अनेक आशीर्वाद, मागचेही धरून.

तू येऊ नकोस, पेपरवालेही आणू नकोस, असा निरोप मी धाडला होता तो यासाठी. आता नीट ऐक.

तुझे कागद मी व्हिन्सेंटला दिले नाहीत. मी म्हणाले, मीच बोलणार. तो म्हणाला की सेंगा, माइकवर बोलणं म्हणजे नवरीला समजावणं नव्हे. मी म्हटलं, तुझ्या बापाला त्याच्या लग्नात कसं उभं राहायचं ते मी शिकवलं आहे, तू मला माइक शिकवू नकोस.

इस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार निवडला. मिस्सानंतर सगळं गाव चर्चपाशीच असतं, हातात झावळ्या घेऊन; तिथून सरळ हॉलमध्ये. आणि मी कासुलेंना निरोप पाठवला की तुमच्या शाळेचं नाव पडद्यावर झळकतंय, गावाची इच्छा आहे की तुम्ही पुढे खुर्चीवर बसावं. मनुष्य कोट घालून आला! ओडिलियाबाईंनी त्याला सोडा दिला.

फिनाला मी बोलावलं नव्हतं. त्याच दिवशी सकाळी तिच्या दारात जाऊन गुडघे टेकले. हो, मी, तिच्यापुढे. म्हटलं, मी आज तो सिनेमा बोलणार आहे, जसा आहे तसा. तू नको म्हणालीस तर आत्ता तबकडी चुलीत घालते. ती कितीतरी वेळ सुईत दोरा ओवत राहिली. मग म्हणाली, बोला.

मी बोलले. पोर मास्तरच्या खोलीत शिरली, दार लागलं, ती तुझी माशी आली. हॉलमध्ये कुणीतरी ‘मेऽऽ’ केलं. मी म्हणाले की ज्याने आवाज काढला त्याने उभं राहून सांगावं, आत काय चाललंय ते त्याला माहीत आहे की नाही. माहीत असेल तर आपल्या आईसमोर सांगावं. ती तिसऱ्या बाकावर बसली आहे. पुन्हा आवाज आला नाही. मग मी त्यांना सांगितलं. नवऱ्या मुलीला सांगते तसं स्वच्छ नाव घेऊन सांगितलं, आत काय होतंय ते. कुणी उठलं नाही.

नंतर पोटं दाबायचं दृश्य आलं. नर्स रांगेतून चालते आहे, पोरी झगे धरून उभ्या. मी कागद वाचायला लागले, आणि माझ्या हातातून कुणीतरी माइक काढून घेतला. फिना. कधी आली, कुठून आली, पाहिलं नाही. व्हिन्सेंटने सिनेमाचा आवाज बंद केला, चित्र तसंच चालू ठेवलं. त्या एका गोष्टीसाठी मी त्याला माफ केलं.

ती हळू बोलली. म्हणाली, नर्सचे हात गार होते. म्हणाली की माझ्यामागे तेरेझा उभी होती, ती आज इथे आहे, तिला विचारा. म्हणाली, मला ऑफिसात बोलावलं आणि कासुलेसाहेबांनी विचारलं, कोण? मी नाव सांगितलं, क्याम्बाद्दे मास्तर. तर साहेब म्हणाले की हे नाव पुन्हा घेतलंस तर तुझ्या धाकट्या भावाचंही नाव शाळेतून कमी करीन. आणि साहेब, तुम्ही त्याला कोंबडीचं जेवण देऊन निरोप दिलात. मला घरी जायला उन्हं उतरेपर्यंत तरी थांबू द्यायचं होतंत. मग म्हणाली की मी पाणथळीत गेले नाही. आजीकडे गेले, रताळी खाल्ली, पोर जन्माला घातली. ती पोर इथे बसली आहे. तिचं पोट कुणी दाबणार नाही.

कासुले उठला. म्हणाला, हे सगळं बनावट आहे, या बायांना सिनेमाने वेड लावलंय. दाराकडे गेला तर दारात महिला मंडळ झावळ्या घेऊन उभं. कुणी त्याला हात लावला नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त वाट सोडायला त्यांनी फार वेळ घेतला. ओडिलियाबाईंनी त्याच्या हातून सोड्याची बाटली काढून घेतली. म्हणाल्या, ही मंडळाच्या पैशाची आहे.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नकोस. बरेच पुरुष निघून गेले, जाताना म्हणत गेले की घरातलं रस्त्यावर आणणाऱ्या बायका. धर्मशिक्षक माझ्याशी बोलत नाहीत. पण सोमवारी नर्स यायची होती. सकाळी फाटकापाशी आया जमल्या. मी गेले तेव्हा कितीतरी जणी गवतावर चटया टाकून बसल्या होत्या, शेंगा सोलत, जणू कुणाच्या लग्नाची तयारी. नर्स बोडावरून आली, तिने पाहिलं, बोडावाल्याला म्हणाली की परत फिरव. कासुले आजही हेडमास्तर आहे. जिल्ह्याच्या कचेरीत आम्ही अर्ज दिला आहे. तिथला माणूस त्याच्या बायकोचा भाऊ. आम्ही पुन्हा जाणार आहोत.

रेस्टी शाळेत गेली. पहिल्या दिवशी आई तिला फाटकापर्यंत सोडायला गेली. दोघी एकमेकींशी काही बोलत नव्हत्या, पण एका छत्रीत होत्या.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो माझ्याबरोबर म्हातारा होईल. त्याच्या शेजारी माया आहे, दोघांना एकाच घरात राहायची सवय झाली आहे.

सेंगा


बुलेम्बा
१० एप्रिल २००७

जस्टिन हिस,

मी तुला मायना लिहीत नाही. काय लिहावा ते मला ठरवता येत नाही.

तुझ्या आत्याला मी माफ केलं, कारण तिने माझ्या दारात येऊन विचारलं. तू विचारलं नाहीस. तू म्हणशील, मला माहीत नव्हतं. ज्याची गोष्ट आहे ते माणूस कुठेतरी असेल, एवढं तरी माहीत असायला हवं होतं. तू तिला शोधलंही नाहीस. तुला ती नकोच होती. मेलेली मुलगी भांडत नाही.

मी स्वतःला दोनदा पडद्यावर पाहिलं. दुसऱ्या वेळी शेवटपर्यंत बसले, बुडतानाही पाहिलं. रेस्टीने काम चांगलं केलं आहे. पाण्यात शिरताना ती झगा गुडघ्यावर धरते, तो भिजू नये म्हणून. मरणारी पोर झगा धरत नाही. ती माझी पोर आहे, तिला कापडाची किंमत कळते. ते बघून मला हसू आलं, आणि मग फार राग आला.

तू पैसे पाठवलेस ते मुसोकेबरोबर परत पाठवले आहेत. मला एकच हवं आहे. तुझा हा सिनेमा पुढे जिथे दाखवशील, तिथे शेवटी उभी राहा आणि सांग की ती जिवंत आहे. माझं नाव सांगू नकोस. त्याचं सांग.

फिना


जिंजा
२९ एप्रिल २००७

श्रीमती फिना यांस जस्टिनचा गुडघे टेकून नमस्कार. हा नमस्कार तुम्ही घ्यावा असा आग्रह नाही.

काल इथे शिक्षक संघटनेच्या सभागृहात सिनेमा दाखवला. या वेळी सगळं लुगांडात; इथे पुष्कळ बायका बासोगा जमातीच्या आहेत, त्यांची भाषा वेगळी, पण त्यांनाही लुगांडा समजली. ज्या माणसांनी पैसे दिले होते ती नाराज आहेत. असू देत.

शेवटी नेहमीसारखं झालं. अंधार, हुंदके, मग दिवे आणि टाळ्या. पूर्वी मी या टाळ्यांची वाट बघत असे. मी उठले आणि सांगितलं की ती मुलगी मेली नाही. शेवट मी रचला आहे. ती जिवंत आहे, तिला मुलगी आहे, आणि त्या मुलीलाच तुम्ही आत्ता पाण्यात जाताना पाहिलंत.

टाळ्या थांबल्या. पहिल्यांदा राग आला तो पुरुषांना. एक जण म्हणाला की मग आम्हाला फुकट रडवलंत! दुसरा म्हणाला की सिनेमा बघायला आलो होतो, भाषण नको. एक तरुण शिक्षिका ओरडली, की जिवंत असेल तर तिला इथे का आणलं नाहीत? मी म्हटलं, तिला यायचं नाही आणि ती तुमची देणेकरी नाही. लोक उठायला लागले होते, खुर्च्या वाजत होत्या.

तेव्हा मधल्या रांगेतली एक जाडजूड बाई उभी राहिली. बाजारात मासे विकणारी असावी, कंबरेला टोपलीचं फडकं तसंच होतं. तिने तुमच्याबद्दल काही विचारलं नाही. तिने विचारलं की तो कुठे आहे?

मी इतक्या ठिकाणी हा सिनेमा दाखवला. कंपालात, नैरोबीत, त्या बर्फाच्या गावात जिथे काचेचा पक्षी मिळाला. एकाही माणसाने मला हा प्रश्न विचारला नव्हता. मुलगी मेली की सगळे तिच्यासाठी रडत होते आणि घरी जात होते. तो कुठे आहे हे कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

मी त्याचं नाव सांगितलं. तो आता कुठल्या शाळेत आहे ते शोधायला मला तीन आठवडे लागले होते, त्या शाळेचंही नाव सांगितलं. तो अजून गाणं शिकवतो. इथून बसने दोन तासांवर.

उठलेले लोक परत बसले. त्या बाईने मला विचारलं की या शनिवारी बस किती वाजता आहे ते कुणाला माहीत आहे का. मला माहीत नव्हतं, पण सभागृहात पुष्कळांना माहीत होतं, आणि सगळे एकदमच सांगायला लागले.

आम्ही शनिवारी निघतो आहोत. काय होईल ते तुम्हाला कळवीन, तुम्हाला ऐकायचं असेल तर. नसेल तर पत्र न फोडता सेंगाकडे द्या.

तुमचा राग माझ्याकडे सुखरूप आहे. माया कधी जमलीच, तर ती रेस्टीच्या हाती पाठवा.

जस्टिन